एक बॉन्ड, पाच मागण्या: वेस्टमीडमधल्या एका भाड्याच्या घराचं प्रकरण

सिडनीच्या पश्चिमेला वेस्टमीडमध्ये दोन बेडरूमचं युनिट. भाडेकरू मूळचे पुण्याचे, नवरा-बायको दोघंही नोकरी करणारे, पदरात एक लहान मुलगा. जानेवारी २०२२ मध्ये घर घेतलं तेव्हा भाडं आठवड्याला ४२० डॉलर होतं आणि बॉन्ड, म्हणजे घराचं डिपॉझिट, चार आठवड्यांचा: १६८० डॉलर. मार्च २०२५ मध्ये त्यांनी घर सोडलं. जाण्याआधीचा शनिवार-रविवार दोघांनी घासण्या-पुसण्यात घालवला, किल्ल्या एजन्सीच्या काउंटरवर दिल्या आणि बॉन्डची वाट बघत बसले.

आठवडाभराने प्रॉपर्टी मॅनेजरचा मेल आला. पूर्ण घराची सफाई ४४५ डॉलर, कार्पेटचं स्टीम क्लीनिंग १९८, ओट्याचं लॅमिनेट बदलणं ६२०, हॉलची एक भिंत रंगवणं ३८०, बाथरूममधली बुरशी काढणं २३०. एकूण १८७३ डॉलर. सगळा बॉन्ड गेला, शिवाय वरचे १९३ डॉलर भरा असा निरोप. बॉन्डवर तसा क्लेमही एजन्सीने टाकून दिला होता.

या दोघांचे कागद माझ्याकडे आले ते एका मैत्रिणीमार्फत. इथल्या मराठी घरांसाठी असले करार आणि मेल वाचून देण्याचं काम मी बरेचदा करते. हे प्रकरण सविस्तर लिहिते आहे, कारण यात दोन्ही बाजू आहेत. काही मागण्या निव्वळ हवेतल्या होत्या, काही खऱ्या होत्या, आणि कुठली कोणती हे ठरलं ते तीन वर्षांपूर्वीच्या एका कागदावर. भाडेकरूंची ओळख पटेल असं काही इथे दिलेलं नाही.

पैसे असतात कुणाकडे

फोनवर या जोडप्यातल्या मुलीचं पहिलंच वाक्य होतं, "ताई, त्यांनी पैसे ठेवून घेतले." या वाक्यात आपल्याकडची सगळी सवय दिसते. पुण्या-मुंबईत लिव्ह अँड लायसन्सचा करार होतो, डिपॉझिट थेट मालकाच्या खात्यात जातं आणि घर सोडताना मालक रंगाचे, सफाईचे म्हणून जे कापेल ते कापून उरलेलं देतो. भांडायचं तर ज्याच्याकडे पैसे आहेत त्याच्याशीच भांडायचं. त्यामुळे माणूस मुकाट्याने सोडून देतो.

सिडनी ज्या राज्यात आहे त्या न्यू साउथ वेल्समध्ये तसं नाही. बॉन्ड चार आठवड्यांच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही, आणि घेतलेला बॉन्ड मालकाने दहा कामकाजी दिवसांत, एजंटने तो महिना संपल्यापासून दहा कामकाजी दिवसांत, सरकारी रेंटल बॉन्ड बोर्डाकडे जमा करायचा असतो. त्याचा कारभार फेअर ट्रेडिंग हे खातं बघतं. म्हणजे घर सोडलं त्या दिवशीही हे १६८० डॉलर भाडेकरूंच्याच नावाने सरकारकडे पडून होते. एजंटने "ठेवून घेतले" नव्हते, मागितले होते. मागणाऱ्याने ती मागणी सिद्ध करायची असते. हे एकदा मनात पक्कं बसलं की पुढची सगळी पत्रापत्री वेगळ्या सुरात होते. या दोघांचीही झाली.

स्वच्छ म्हणजे किती स्वच्छ

घर सोडताना एजन्सीने दोन पानी यादी पाठवली होती. दिव्यांच्या शेड्स उतरवून धुवा, ओव्हन नव्यासारखा करा, खिडक्या बाहेरूनही पुसा, कार्पेट व्यावसायिक माणसाकडून धुऊन घेऊन पावती जोडा. अशा याद्या जवळपास प्रत्येक एजन्सी देते आणि वाचणाऱ्याला वाटतं, हाच कायदा.

कायदा आहे २०१० चा रेसिडेन्शियल टेनन्सीज अॅक्ट, आणि त्याच्या ५१ व्या कलमात घर सोडतानाची जबाबदारी लिहिली आहे. आपलं सामान आणि कचरा काढायचा, किल्ल्या परत द्यायच्या, घर घेतलं होतं जवळजवळ त्याच स्थितीत सोडायचं, त्यातून रोजच्या वापराची झीज वजा. आणि घर वाजवी प्रमाणात स्वच्छ ठेवून जायचं, तेही घेताना ते किती स्वच्छ होतं हे लक्षात घेऊन. लखलखीत हा शब्द त्यात नाही. आलात तेव्हा सरकत्या दाराच्या खाचेत धूळ होती, तर जाताना ती खाच टूथब्रशने घासून देण्याची सक्ती तुमच्यावर कुणी करू शकत नाही.

मग "आलात तेव्हा" काय होतं हे कुणी सांगायचं? त्यासाठी कंडिशन रिपोर्ट. घर देताना एजंट खोलीगणिक, वस्तूगणिक लिहून देतो: स्वच्छ आहे का, धड आहे का, चालतं का. भाडेकरूने त्यावर स्वतःचं मत लिहून सात दिवसांत परत द्यायचं. जे त्यात लिहिलं आहे ते खरं असं वादाचा निवाडा करणारं न्यायाधिकरण धरून चालतं; खोटं म्हणणाऱ्याने ते दाखवून द्यायचं. नवीन घर लागलं की गॅस, इंटरनेट, मुलाचं डे-केअर, गादी कधी येणार, या गडबडीत निम्मे लोक तो कागद न वाचता सही करून देतात, नाहीतर देतच नाहीत. मग एजंटने सगळीकडे केलेली 'हो' ची खूण तशीच राहते.

या मुलीने तसं केलं नव्हतं. ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने बजावल्यामुळे तिने पाचव्या दिवशी रिपोर्ट भरला, फोनवर फोटो काढले आणि रिपोर्ट व फोटो एकाच मेलमध्ये एजंटला पाठवले. फोटो काही कलाकुसरीचे नव्हते. ओट्याच्या कडा, सिंकच्या बाजूला फुगलेलं लॅमिनेट, ओव्हनचं दार, बाथरूमचं छत, भिंतीवरचे जुने खिळे. मेलला तारीख होती, आणि तो एजंटच्याच इनबॉक्समध्ये पोचलेला होता. तीन वर्षांनी सगळ्यात जास्त कामाला आला तो हा मेल.

ओव्हनच्या काचेतले ओघळ

सफाईच्या ४४५ डॉलरसाठी एजन्सीने एका क्लीनिंगवाल्याचं बिल जोडलं होतं. त्यावर एकच ओळ: पूर्ण बॉन्ड क्लीन. कुठल्या खोलीत काय केलं, किती तास लागले, काही नाही. सोबत अकरा फोटो. ते फोटो मी मोठे करून बघितले. अकरातले चार एकाच ओव्हनचे होते. उरलेल्यांत चिमणीच्या जाळ्या, खिडकीच्या पट्टीपडद्याची एक पट्टी, बाथरूमच्या एक्झॉस्ट फॅनवरची धूळ, सरकत्या दाराची खाच. बेडरूमचा एकही फोटो नाही. कपाटांचा नाही. संडासाचा नाही. म्हणजे त्यांच्याच पुराव्यानुसार तक्रार चार-पाच जागांची होती आणि बिल सगळ्या घराचं.

ओव्हनचे फोटो फ्लॅश मारून काढलेले, दाराच्या काचेवर तपकिरी ओघळ ठळक दिसत होते. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मलाही वाटलं, हे द्यावं लागणार. मग २०२२ च्या मेलमधला ओव्हनचा फोटो शेजारी ठेवला. तेच ओघळ. डावीकडे एक लांब, त्याला खाली फाटा फुटलेला, उजवीकडे दोन आखूड. एकाही ओघळाची जागा बदललेली नव्हती, कारण ते काचेच्या आतल्या बाजूला नव्हतेच. ओव्हनच्या दाराला दोन काचा असतात आणि हा चिकटा त्या दोन काचांच्या मधे उतरलेला होता. दार खोलून वेगळं केल्याशिवाय तिथे हात पोचत नाही. आधीच्या कुणाच्या तरी रोस्टचा तो रस होता. हे दोघं ओव्हन वापरायचे ते केकसाठी आणि हिवाळ्यात दही विरजायला, आतला दिवा लावून.

चिमणीच्या जाळ्यांची गोष्ट वेगळी. त्या फोटोत जे होतं ते यांचंच होतं. तीन वर्षांच्या फोडण्यांचं तेल, त्यावर धूळ बसून झालेला नारिंगी-तपकिरी थर, बोट लावलं तर बोट चिकटेल असा. जाळ्या ओढून काढता येतात हेच दोघांना माहीत नव्हतं, त्यांनी बाहेरून फडका मारला होता. आपल्या स्वयंपाकात जाळ्या दर दोन-तीन महिन्यांनी काढून गरम पाण्यात भांड्यांच्या साबणात भिजवायलाच हव्यात. त्या बहुतेक अॅल्युमिनियमच्या असतात, म्हणून धुण्याचा सोडा घालायचा नाही, त्याने काळ्या पडतात. तेव्हा मी त्यांना सांगितलं, ही बाब मान्य करून टाका, वाद घालू नका. आपलं जे आहे ते आपण होऊन कबूल केलं की बाकीचं नाकारताना शब्दाला वजन येतं.

एक्झॉस्ट फॅनवरची धूळ आणि पडद्याची पट्टी याही मान्य केल्या. दाराच्या खाचेबद्दल एजंटच्याच प्रवेशाच्या रिपोर्टमध्ये स्वच्छतेपुढे 'नाही' लिहिलेलं होतं. ती सोडली.

आणखी एक मुद्दा निघाला. शेवटची तपासणी भाडेकरूंसमोर व्हायला हवी, निदान त्यांना हजर राहण्याची वाजवी संधी तरी द्यायला हवी. इथे मॅनेजर एकटीच जाऊन आली होती. दोघांनी "आम्ही येऊन जाळ्या घासून देतो" असं मेलवर विचारलं, तर उत्तर आलं की नवे भाडेकरू येणार आहेत, आता वेळ नाही. ज्या कामाला एक तास लागला असता ते करू न देता त्याचे ४४५ डॉलर मागणं मला अजूनही पटत नाही. आपलं नुकसान कमीत कमी होईल हे बघणं मालकाचंही कर्तव्य असतं.

कार्पेट

यावर फार लिहिण्यासारखं नाही. करारात जादा कलम टाकलेलं होतं: घर सोडताना कार्पेट व्यावसायिक पद्धतीने धुऊन घ्यावं. न्यू साउथ वेल्समध्ये करारात असं कलम टाकायलाच त्याच कायद्याच्या १९ व्या कलमाने मनाई आहे, अपवाद भाडेकरूने प्राणी पाळल्यामुळे सफाई लागत असेल तर. यांच्याकडे मांजरही नव्हतं. करारावर सही केली असली तरी असलं कलम लागू होत नाही. कार्पेटवर डाग असते तर प्रश्न वेगळा होता, ते डाग नुकसान म्हणून मोजले गेले असते. पण फोटोत डाग नव्हता, सोफ्याच्या पायांचे खळगे होते, आणि ते झिजेत धरतात. १९८ डॉलर इथेच संपले.

ओट्यावरची हळद

खरी अडचण ही होती, आणि भारतीय घरांत ही हटकून येते.

ओटा फिकट पांढऱ्या लॅमिनेटचा. शेगडीच्या उजव्या हाताला, जिथे मिक्सर आणि मसाल्याचा डबा असायचा, तिथे तळहाताएवढा पिवळा डाग, भोवती चार-पाच ठिपके. त्याच्या जरा पुढे गरम कढई टेकवल्याचा अर्धगोल करपट व्रण. हळदीचा डाग त्यांनी खाण्याच्या सोड्याच्या लेपाने घासला होता. फिका झाला, गेला नाही. मग जादूचा स्पंज म्हणतात तो पांढरा स्पंज चालवला, तर डागाभोवतीची चकाकीच उडाली आणि तो भाग आणखी नजरेत भरायला लागला. हळदीचा रंग उन्हात उडतो हे आपल्याला कपड्यांवरून माहीत असतं. ओटा उन्हात नेता येत नाही. खिडकीलगतचे ठिपके मात्र खरोखरच पुसट झाले होते.

फेअर ट्रेडिंगच्या मार्गदर्शनात झीज आणि नुकसान यांची उदाहरणं दिली आहेत, आणि त्यात नेमका ओटा आहे. वापरून गुळगुळीत झालेला, झिजलेला ओटा ही झीज. त्यावरचा भाजल्याचा किंवा कापल्याचा व्रण हे नुकसान. कढईचा व्रण सरळ दुसऱ्या बाजूला जातो. हळद स्वयंपाकाच्या रोजच्या वापरातून लागलेली, पण डाग कायमचा. यावर मतं दोन होऊ शकतात. मी त्यांना झिजेचा मुद्दा फार ताणू नका असंच सांगितलं.

लढायचं होतं ते रकमेवर. ६२० डॉलर हे कोटेशन होतं, काम झालेलं नव्हतं, आणि ते सिंकपासून शेगडीपर्यंतचा सगळा पट्टा बदलण्याचं होतं. त्या पट्ट्याची सिंककडची बाजू पाणी जाऊन फुगलेली आहे हे २०२२ च्या रिपोर्टमध्ये आणि फोटोत होतं. म्हणजे ओटा आधीच म्हातारा होता. जुन्याच्या जागी नवं बसवून त्याची पूर्ण किंमत भाडेकरूकडून घेता येत नाही. वस्तूचं जेवढं आयुष्य उरलं होतं तेवढ्याच हिश्शाचा विचार होतो. ओटा किती वर्षांचा हे सांगणारा कागद एजन्सीने दिला नाही, मागूनही दिला नाही. दोघांनी चौथा हिस्सा, १५५ डॉलर, द्यायची तयारी दाखवली आणि त्यामागची कारणं दोन वाक्यांत लिहून पाठवली.

निरांजनाची भिंत

हॉलच्या कोपऱ्यात टीव्हीच्या कपाटावर देव्हारा होता. रोज संध्याकाळी निरांजन, सणाला समई. भिंतीवर वरच्या बाजूला काजळीची एक लांबट छाया. घर सोडताना ओल्या फडक्याने पुसली, आणि काजळी पुसायला पाणी लावणं म्हणजे ती भिंतीत मुरवणं. हातभर राखाडी पट्टा झाला. काजळी आधी कोरड्या स्पंजने टिपून घ्यायची असते. त्यासाठी खास रबरी स्पंज हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. त्याहून सोपं म्हणजे देव्हारा भिंतीपासून वीतभर पुढे ठेवायचा आणि मागे एक टाइल किंवा स्टीलचा पत्रा उभा करायचा.

ही झीज नव्हे, हे मान्य होतं. पण भिंतीचा रंग यांच्या आधीपासूनचा होता, रिपोर्टमध्ये त्याच भिंतीवर जुने खिळे आणि खरचटल्याचे डाग नोंदलेले होते, आणि सव्वातीन वर्षं राहून झाल्यावर रंगाचं आयुष्य तसंही बरंच उतरलेलं असतं. ३८० पैकी ९५ डॉलर देऊ केले.

बुरशी

बाथरूमला खिडकी नाही. हवा जाण्याचा एकच मार्ग, तो एक्झॉस्ट फॅन. २०२३ च्या हिवाळ्यात तो बंद पडला. त्यांनी मेल केला, उत्तर नाही. तीन आठवड्यांनी पुन्हा केला, छतावरच्या काळ्या ठिपक्यांचा फोटो जोडून. इलेक्ट्रिशियन आला तोवर वसंत ऋतू उजाडला होता. घराला पुरेशी हवा येण्याची सोय असणं ही घर भाड्याने देण्याची किमान अट आहे आणि दुरुस्ती मालकाची जबाबदारी. त्या दोन मेलच्या जोरावर २३० डॉलरची मागणी टिकलीच नाही. फोनवर सांगितलं असतं तर आज हातात काही नसतं. एजंट गोड बोलणारा असो, ओळखीचा असो, प्रत्येक दुरुस्ती लेखी कळवावी, हे मी भेटेल त्याला सांगते.

चौदा दिवस

एजन्सीने क्लेम टाकल्यावर फेअर ट्रेडिंगकडून भाडेकरूंना नोटीस आली. तिथून चौदा दिवस मोजायचे. या चौदा दिवसांत भाडेकरूने न्यू साउथ वेल्स सिव्हिल अँड अॅडमिनिस्ट्रेटिव्ह ट्रायब्युनलकडे, ज्याला इथे सगळे एनकॅट म्हणतात, अर्ज करून फेअर ट्रेडिंगला तसं कळवलं नाही, तर पैसे मागणाऱ्याला देऊन टाकले जातात. गप्प राहणं म्हणजे मान्य करणं. हा मेल नको त्या फोल्डरमध्ये गेल्याने बॉन्ड गमावलेली माणसं मी बघितली आहेत.

यात एक गोष्ट फार कमी लोकांना ठाऊक असते. किल्ल्या दिल्या की त्याच दिवशी भाडेकरूही रेंटल बॉन्ड्स ऑनलाइन या सरकारी ऑनलाइन सेवेवरून स्वतःचा क्लेम टाकू शकतो. मग नोटीस मालकाला जाते, चौदा दिवस त्याचे सुरू होतात आणि पैसे हवे असतील तर ट्रायब्युनलची पायरी त्याला चढावी लागते, अर्जाची फीही त्यालाच. एजंट काय म्हणतो याची वाट बघत बसल्यामुळे या दोघांवर ते सगळं आलं. मी सरळ सांगेन: घर घासून झालं, फोटो-व्हिडिओ काढून झाले, किल्ल्या दिल्या, की घरी पोचायच्या आत क्लेम टाका.

दोघं अर्ज करायला कचरत होते. नवऱ्याची भीती दोन गोष्टींची. एक, व्हिसावर परिणाम होईल का. बॉन्डचा वाद हा दिवाणी व्यवहार आहे, त्याचा इमिग्रेशनशी काही संबंध नाही. दुसरी, वाईट भाडेकरूंच्या यादीत नाव जाईल का. ही भीती अगदीच निराधार नव्हती, कारण अशा यादीत नाव टाकण्याचं एक कारण बॉन्डपेक्षा जास्त देणं थकणं हे आहे, आणि एजन्सीने नेमकी बॉन्डच्या वर १९३ डॉलरची मागणी केली होती. तो आकडा तसाच सोडून देणं धोक्याचं, म्हणूनही अर्ज करणं भाग होतं. आधी नोटीस देऊन म्हणणं मांडण्याची संधी दिल्याशिवाय नाव घालता येत नाही, हेही त्याला दाखवलं. टेनंट्स अॅडव्हाइसच्या स्थानिक केंद्रातून त्यांना फुकट सल्ला मिळाला, अर्ज तिथल्या बाईंनी नजरेखालून घातला. बाराव्या दिवशी अर्ज गेला.

समेट

एनकॅटमध्ये अशा प्रकरणांत आधी समेटाचा प्रयत्न होतो. वकील लागत नाही. इंग्रजीची अडचण असेल तर दुभाषी विनामूल्य मिळतो, फक्त आधी मागावा लागतो. यांना गरज नव्हती, पण ज्यांचा भाडेकरार आई-वडिलांच्या नावावर आहे त्यांनी लक्षात ठेवावं.

पुराव्याचा गठ्ठा आम्ही मागणीच्या क्रमाने लावला होता. प्रत्येक मागणीला एक पान: वर एजंटचा आरोप, खाली २०२२ चा फोटो, शेजारी २०२५ चा, आणि एका ओळीत आमचं म्हणणं व आकडा. रागाचा एकही शब्द नाही. पहिल्या मसुद्यात मुलीने "तुम्ही आम्हाला भारतीय म्हणून लुबाडता" असं लिहिलं होतं. तिचं दुःख मला कळत होतं, पण ते वाक्य काढायला लावलं, कारण सिद्ध करता येण्याजोगं जे होतं तेच पुरेसं होतं.

ओव्हनचे दोन फोटो शेजारी ठेवल्यावर प्रॉपर्टी मॅनेजर थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "हा मेल माझ्या आधीच्या मॅनेजरला आला असणार." असेलही. मुळात एजन्सीच्या कारकुनीत माणसं सतत बदलत असतात. नवा माणूस जुना रिपोर्ट न उघडता फोटो काढून बिल लावतो. त्यामागे दर वेळी दुष्टावा असतो असं मला वाटत नाही. पण भुर्दंड भाडेकरूलाच बसतो.

पाऊण तासात ठरलं. सफाईपैकी जाळ्या, फॅन आणि पट्टीपडदा मिळून १२० डॉलर. कार्पेट शून्य. ओटा १५५, मॅनेजरने आधी तीनशे मागितले, पण ओट्याचं वय सांगा म्हटल्यावर खाली आली. भिंत ९५. बुरशी शून्य. एकूण ३७० मालकाला, १३१० डॉलर भाडेकरूंना, बॉन्डच्या वरची मागणी मागे. दोन्ही बाजूंच्या संमतीचा आदेश निघाला आणि पैसे काही दिवसांतच खात्यात आले. भिंतीचे ९५ जास्त दिले असं त्या मुलीचं मत आहे. सुनावणीत गेलो असतो तर कदाचित कमी झाले असते. पण त्यासाठी आणखी एक रजा, आणखी एक तारीख, आणि ओट्याचा हिस्सा वाढण्याचाही धोका. माझ्या मते सौदा योग्य झाला.

मेलबर्न किंवा ऑकलंडमध्ये राहणाऱ्यांनी हे नियम जसेच्या तसे स्वतःला लावू नयेत. व्हिक्टोरियात व्यावसायिक सफाई मागता येते, पण तुम्ही येण्याच्या लगेच आधी तशी सफाई झाली होती आणि ते तुम्हाला सांगितलं होतं, किंवा घर पूर्वीच्या स्थितीत आणायला ती लागतेच आहे, तरच. आणि वाद व्हीकॅट या तिथल्या न्यायाधिकरणाच्या कक्षेत येतो. क्वीन्सलंडमध्ये बॉन्ड आरटीए, म्हणजे रेसिडेन्शियल टेनन्सीज अथॉरिटीकडे असतो, तिथे आधी त्यांचीच समेटाची सेवा. न्यूझीलंडमध्ये मोजपट्टी वाजवी स्वच्छता आणि नीटनेटकेपणाची, आणि वाद टेनन्सी ट्रायब्युनलपुढे. घर घेतानाचा रिपोर्ट आणि तारखेनिशी फोटो मात्र या सगळीकडे उपयोगी पडतात.